जोडमुसळ छाप कुणाची

अक्का, तुमचा फोटो मी दिला नाही.

काल तुमचं तेरावं झालं. शेवटची पंगत उठत होती तेवढ्यात टेम्पोवाला दिगूभाऊ माझ्याजवळ येऊन टेकला आणि हळू आवाजात म्हणाला, "मंगलवैनी, अक्काचा एक चांगला फोटो द्या की. चटणीच्या पाकिटावर छापतो. तेवढीच आपली श्रद्धांजली." ज्या पाकिटावरच्या नावासाठी त्याचं तुमच्याशी वर्षभर भांडण चाललं होतं, त्याच पाकिटावर तुमचा फोटो. त्याच्या हाताला अजून लाडवाचा चुरा होता. माणूस निर्लज्ज असतो हे मला ठाऊक होतं, पण तुमच्याच तेराव्याचं जेवून, ढेकर द्यायच्या आत इतकं निर्लज्ज होता येतं हे ठाऊक नव्हतं.

मी नाही म्हटलं. एवढ्यावर खूश होऊ नका. त्यानंतर जे झालं ते तुम्हाला अर्धं आवडेल आणि अर्धं अजिबात आवडणार नाही. दोन्ही सांगते.

भेटायला येणारे मला विचारतात, वय किती होतं, शुगर होती का, शेवटी काय म्हणाल्या. त्यांना मी काहीतरी सांगते. तुम्हाला त्यातलं काय सांगायचं, तुम्ही होतातच की तिथं. मला बोलायचंय ते आपल्या दोघींच्या उखळाबद्दल आणि आपल्या भांडणाबद्दल, कारण ते मिटायच्या आत तुम्ही निघून गेलात आणि मला तुमचा त्याबद्दल राग आहे.

मी जेऊरहून या घरात तुमची धाकटी जाऊ म्हणून आले. तोंडाळ आणि घाईची. सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात आपल्याला एका उखळावर समोरासमोर उभं केलं. एका उखळात दोन मुसळं, एकीचं वर तर एकीचं खाली. भाजलेले शेंगदाणे, लाल तिखट, लसूण, जिरं, मीठ, आणि मग दाण्याला तेल सुटेपर्यंत कुटत राहायचं. माझं मुसळ सारखं तुमच्या मुसळावर जाऊन आपटायचं. तुम्ही न थांबता म्हणालात, "एवढी घाई कशापायी? दाणं पळून चाललेत व्हय?" मला तेव्हा तुमचा भयंकर राग आला होता. पण त्या दिवशी संध्याकाळपर्यंत माझा हात तुमच्या हाताशी जुळला, तो शेवटपर्यंत जुळलेला राहिला. नवऱ्याशी माझं इतकं कधी जुळलं नाही, हे तुम्हाला ठाऊक होतं आणि तुम्ही ते कुठं बोलला नाहीत.

पुढं आपल्या दोघींच्या नवऱ्यांचे माग बंद पडले. दोघं दारात बसून विड्या ओढायला लागले तेव्हा आपण संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेत उखळ नेऊन मांडलं. लोकांनी चटणी नंतर खाल्ली, आधी दोन जावा लोकांदेखत कुटताना बघितल्या. दुसऱ्या वर्षी गिऱ्हाईक विचारत आलं, त्या जोडमुसळवाल्या बायका कुठं बसल्यात. ते नाव आपण ठेवलंच नाही. लोकांनी ठेवलं आणि आपण लाल लेबलावर छापून घेतलं, जोडमुसळ छाप शेंगाचटणी. छापखान्यातल्या चित्रकारानं मुसळं धरलेले गोरेपान हात काढले होते, बांगड्याबिंगड्या घालून. तुम्ही ते खोडायला लावलेत. म्हणालात, "हात कुणाचं हायेत हे? आपलं न्हाईत. मुसळं तेवढी ठिव."

त्या लेबलाची नोंदणी करून घेऊ, असं मी पहिल्यांदा म्हणाले ते आपल्या गल्लीतल्या चादरवाल्यांचं बघून. त्यांच्या वडिलांच्या नावाच्या चादरी भलताच कुणीतरी विकत होता आणि ते नुसते शिव्या देत फिरत होते. मी घरी येऊन तुम्हाला म्हटलं, ट्रेडमार्क करून टाकू. तुम्ही लसूण सोलत होतात.

"नाव म्हंजे काय सातबारा हाय व्हय, चढवून आणायला?"

"सातबारा नसला की शेजारी बांध कोरतो, अक्का."

"कोरू दे की. चटणी कुटून दाखव म्हणावं तेला."

विषय संपला. तुमच्या बाजूनं. माझ्या बाजूनं तो नंतर कितीतरी वर्षं चालू राहिला.

खरी भानगड तुमच्या आंदणाची होती. आपल्या अंगणात कुटायला येणाऱ्या पोरींपैकी एखादीचं लग्न ठरलं की तुम्ही तिची ओटी भरायचात. साडी, नारळ, आणि त्यावर आपल्या लेबलांचा एक गठ्ठा. "सासरी कुणाच्या तोंडाकडं बगायची पाळी येऊ नी. चटणी कुट, ह्ये चिकटीव आन वीक. पर तेल सुटंपतर कुटायचं, न्हायतर लेबल लावायचं न्हाय." ही एवढीच अट. अक्कलकोटला कावेरी गेली ती लेबलं घेऊन गेली. माझ्या माहेरी जेऊरला शोभा गेली, तीही. मी चिडून म्हणायची, अक्का, लोक मुलीला भांडी देतात. त्यावर तुमचं उत्तर ठरलेलं, "भांडी सासू कुलपात घालती. ह्ये कुटं घालंल?" गावोगावी आपलं नाव असं वाटलं जात होतं आणि मी छापखान्याचं बिल भरत होते.

मग एके दिवशी कावेरी एसटीनं आली. दारातूनच कानडीत बोलत सुटली. तिच्या हातात नोटीस होती. जोडमुसळ हे नाव आमच्या अशिलाचं आहे, ते वापरणं ताबडतोब थांबवा, नाहीतर कारवाई. आणि अशील कोण, तर दिगंबर. आपला दिगूभाऊ. आपला माल टेम्पोत घालून दुकानोदुकानी पोचवणारा, सख्खा भाऊ नाही म्हणून ज्याला तुम्ही दर भाऊबीजेला ओवाळत होतात तो. त्यानं आपलं नाव स्वतःच्या नावावर नोंदवायला अर्ज केला होता.

तुम्ही नोटीस ऐकून घेतलीत, पदर खोचलात आणि म्हणालात, "चल." आपण त्याच्या गोदामात गेलो. त्यानं मान ठेवला, ते नाकारत नाही. खुर्च्या पुसून दिल्या, थंड मागवलं. मग म्हणाला, "अक्का, तुमी कुटता, मी इकतो. पर नाव लोकांच्या तोंडात कुणी घातलं? माज्या टेम्पोनं. गावोगाव मी फिरलो, तुमी फिरला व्हय?"

खोटं सांगत नाही, त्याचं ते बोलणं मला क्षणभर पटलं. फिरला होता तो, उन्हातान्हात. तुम्हाला मात्र नाही पटलं.

"टेम्पोवर जोडमुसळ कुणी रंगवून दिलं, दिगू? म्या दिलं. रंग खरवडून ठिव आन टेम्पो घिऊन कुटं जायचं तितं जा."

कोपऱ्यात आपल्या लेबलाची पाकिटं रचलेली होती. मशीनवर दळलेली, कोरडी ठाक भुकटी. तुम्ही एक पाकीट फोडून चिमूट तोंडात टाकलीत, दारापर्यंत गेलात आणि रस्त्यावर थुंकलात. थंडाला हात लावला नाहीत. अक्का, आयुष्यात मला तुमचा अभिमान पुष्कळदा वाटला, पण त्या दिवशीसारखा कधी नाही. मला तुमच्यामागून नुसतं चालत यायलासुद्धा बरं वाटत होतं.

नोटीस घेऊन ज्यांच्याकडं गेलो त्या वकीलबाई आपल्याला पहिल्याच भेटीत आवडल्या. त्या हसून म्हणाल्या, नोंदणी अजून झालेलीच नाही, तर नोटीस हा नुसता धाक आहे. अर्ज ट्रेडमार्कच्या सरकारी जर्नलमध्ये प्रसिद्ध झालाय, चार महिन्यांच्या आत विरोध नोंदवता येतो, आणि मुदत अजून शिल्लक आहे. आणि नाव आधीपासून कोण वापरतंय याला फार महत्त्व असतं.

"म्हंजे आदी कोण आलं त्ये बगत्यात?" तुम्ही विचारलंत.

"हो आजी."

"मग आमी त्याच्या टेम्पोच्या आदीपासनं हाय."

विरोध नोंदवला. तुमच्या नावानं, तुमच्या सहीनं. मग दिगूभाऊचं उत्तर आलं आणि त्यात तुमचं आंदण निघालं. त्याचं म्हणणं असं, की हे नाव या बाईचं एकटीचं नाहीच. अक्कलकोट, जेऊर, पंढरपूर, सगळीकडं बायका ते लावतात. आणि आमच्या घरीसुद्धा त्यांनीच लेबलांचा गठ्ठा दिला, म्हणून आम्ही लावतो. हे खरंच होतं. त्याच्या लेकीचं, सुजाताचं लग्न झालं तेव्हा तुम्ही तिलाही दिली होती लेबलं. ती लहानपणापासून आपल्या अंगणात कुटत होती, मग तिला कशी वगळणार.

वकीलबाईंनी स्वच्छ सांगितलं. नाव असं मोकळं सोडलं की समोरचा म्हणतो, हे कुणाचंच नाही. सगळ्या बायकांकडून लेबलं परत घ्या. वापर बंद करा. मग आपली बाजू घट्ट होईल.

तुमचं माहेर अक्कलकोटकडचं, फार राग आला की तुम्ही कानडीवर यायचात. "बेडा," म्हणालात. नको. "आंदण दिल्यालं परत मागायचं? त्यापरास दिगूलाच न्हेऊ दे नाव."

घरी येताना रिक्षात आपलं जे भांडण झालं ते रिक्षावाल्यानं आरशातून पुरेपूर ऐकलं. मी म्हटलं, तुमच्या या दानशूरपणापायी आपण रस्त्यावर येऊ. तुम्ही म्हणालात, "रस्त्यावरनंच आलोय की आपण. जत्रंत उखळ कुटं मांडलं हुतं?" मी म्हटलं, पोरींना एकदा वाईट वाटेल, नाव गेलं तर सगळ्यांचंच जाईल. तुम्ही म्हणालात, "पोरीच गेल्या तर नाव काय लोणच्यात घालायचंय?" घर आलं. त्यानंतर आपण बोलत नव्हतो. दुपारी कुटायला उभ्या राहिलो, मुसळं नेहमीसारखी पडत होती, तोंडं मात्र बंद. मला वाटत होतं तुम्ही नमाल. तुम्हाला वाटत असणार मी नमेन. आणि त्याच अबोल्यात तुम्ही गेलात. मिरच्या निवडून झाल्या, जरा पडते असं भिंतीकडं बघून म्हणालात, उठलाच नाहीत.

मला कुणी सांगायला येऊ नये की मी आधी बोलायला हवं होतं. माझं म्हणणं बरोबर होतं तेव्हा आणि आजही ते पुष्कळसं बरोबर आहे. पण तुम्ही हव्या होतात. एवढंच. माझ्याशी न बोलता का होईना, समोर उभ्या हव्या होतात.

सुतक संपल्यावर मी उखळापाशी गेले. एकटीनं कुटता येतं, उगाच रडगाणं गात नाही. फक्त दर घावानंतर तुमचं मुसळ पडायची तेवढी जागा मोकळी राहते. तेवढ्यात मला रडू येतं. मग पुन्हा घाव घालते.

तर आता काल काय झालं ते. सगळ्या पोरी आल्या होत्या. पोरी कसल्या, आता एकेकीला सुना आल्यात. कावेरीनं भात रांधला, शोभानं पानं मांडली. सुजाता पंढरपूरहून आली, बापाबरोबर नाही, वेगळी. तुमचा संतोष पुण्याहून आल्यापासून धड झोपला नव्हता. आई गेल्यावर मुलगा दिसतो तसा दिसत होता, वयानं मोठा आणि तोंडानं लहान.

मी फोटो द्यायला नाही म्हटल्यावर दिगूभाऊ उठून त्याच्याकडं गेला. खिशातून कागद काढला. वकीलबाई भेटायला आल्या तेव्हाच त्यांनी मला सावध केलं होतं, की नुकत्याच गेलेल्या माणसाचं चित्र छापेत घालायचं तर घरच्यांची संमती मागितली जाऊ शकते, आणि ती एकदा दिली की घरचे लोक त्याच्याच बाजूचे आहेत असं तो म्हणायला मोकळा. श्रद्धांजली कसली, सही हवी होती त्याला. संतोषनं कागद हातात घेतला आणि मला म्हणाला, "काकू, देऊन टाकू का? आईच गेली. आता कुणासाठी भांडायचं?"

अक्का, त्याला मी अडवणार कशी? कारण सही करायचा हक्क त्याचा, माझा नाही. भाऊजी आधीच गेलेले, तुमचा वारस तो, मी नुसती जाऊ. मी म्हटलं, "तुझ्या आईनं या माणसाची चटणी रस्त्यावर थुंकली होती, संतोष. त्या चटणीवर तिचं तोंड छापणार आहेत हे."

दिगूभाऊ हसला. "काय वैनी, जुनं काडता. अक्काची मर्जी हुतीच की. तिनंच दिल्ती आमाला लेबलं. सगळ्या गावाला ठावं हाय."

ते खोटं नव्हतं. दिली होतीत ना तुम्ही.

सुजाता पत्रावळी गोळा करत होती. ती तिथंच थांबली. "दादा, ती लेबलं मला दिल्ती," ती म्हणाली. बापाला ती दादा म्हणते. "तुमाला न्हवती दिली. मी बाळंतपणाला आल्ते तवा तुमी माज्या पेटीतनं काडून न्हेली. मी म्हनलं, असू देत, बापच हाय." आवाज चढवला नाही तिनं. "अक्कांनी मला सांगितल्यालं, तेल सुटंपतर कुटायचं, न्हायतर लावायचं न्हाय. तुमी कवा मुसळ धरलं हातात?"

दिगूभाऊनं इकडंतिकडं बघितलं. कावेरी पुढं आली, म्हणाली मलाबी हेच सांगून दिल्ती. मागून आणखी दोघीतिघी बोलल्या. संतोषनं कागदाची घडी घातली, दिगूभाऊच्या खिशात परत ठेवली आणि म्हणाला, "मामा, हात धुऊन घ्या." एवढं बोलून त्यानं तोंड फिरवलं. दिगूभाऊ हात न धुताच गेला.

आज सकाळी मी हे सगळं वकीलबाईंना सांगितलं. त्यांनी सगळं लिहून घेतलं. मग विचारलं, या बायका शपथेवर सांगतील का, की लेबल अक्कांनीच दिलं आणि अट घालून दिलं? म्हटलं, सांगतील. मग त्या म्हणाल्या, तर हे नाव मोकळं सोडलेलंच नव्हतं. दिलं अक्कांनी, अट अक्कांची, तेव्हा मालकी अक्कांचीच. परत काही मागायला नको. उलट प्रत्येकीचं प्रतिज्ञापत्र करू.

म्हणजे जी लेबलं परत घ्या म्हणून मी तुमच्याशी भांडले, तीच आता आपली साक्ष देणार आहेत. तुम्हाला अर्धं आवडेल म्हटलं ते हे. हसून घ्या.

आता न आवडणारं अर्धं. पोरी बोलत होत्या तेव्हा शोभा गप्प होती. भांडी घासताना तिनं मला सांगितलं, खांदा दुखतो म्हणून दोन वर्षं ती दिगूभाऊच्या गोदामातून तयार भुकटी आणते आणि आपलं लेबल लावून विकते. माझ्या माहेरच्या गावात, अक्का. मी सगळ्यांसमोर तिला म्हटलं, उरलेली लेबलं आणून दे. ती रडली. कावेरी म्हणाली, असू द्या की वैनी, अक्कांनी असं केलं नसतं. मी म्हटलं, नसतंच केलं, म्हणून तर दिगू घरात घुसला. खांदा बरा होईपर्यंत शोभानं आपल्या अंगणात यावं, भाजायचं काम करावं, पगार घ्यावा. हाताला तेल लागलं की लेबल परत मिळेल. त्याआधी नाही. तुम्ही दिलेलं आंदण मी परत घेतलं, आणि मला त्याचं काही वाटलं नाही. नाही, वाटलं. पण घेतलं.

दिगूभाऊच्या अर्जाला आपला विरोध आता संतोषच्या नावानं पुढं चालेल. आपला स्वतःचा अर्ज वेगळा. संतोष म्हणाला, काकू, तुमच्या एकटीच्या नावावर करा, माझी हरकत नाही. इतकी वर्षं मी तेच मागत होते. समोर ठेवलेलं ताट होतं, आणि अडवायला तुम्ही नव्हतात. वकीलबाईंना मी म्हटलं, सगळ्या बायकांचं मंडळ करा आणि त्या मंडळाच्या नावानं सामूहिक चिन्ह मागा. कोण लावू शकेल, कसं कुटायचं, कुणाचं लेबल काढून घ्यायचं, सगळे नियम त्यात लिहा. हे मी तुमच्यासाठी केलं असं समजू नका. एकटीच्या नावावर असलेलं नाव एका सहीनं जातं, हे काल मी डोळ्यांनी बघितलं, म्हणून केलं.

दिगूभाऊ पैसेवाला आहे, तारखा लांबवेल. लांबवू दे. आम्ही प्रत्येक तारखेला डबे बांधून जाऊ. निकाल विरुद्ध गेला तर वर जाऊ. पाकिटावर तुमचा फोटो येणार नाही, त्याच्याही नाही आणि आपल्याही नाही.

पुढच्या महिन्यात कावेरीच्या धाकटीचं लग्न आहे. ओटी मीच भरणार आहे. साडी, नारळ, आणि लेबलांचा गठ्ठा. फक्त गठ्ठा हातात देण्याआधी तिच्याकडून नियमांच्या कागदावर सही घेणार. भर मांडवात, पाहुण्यांदेखत. तुम्हाला हे मुळीच पटणार नाही, मला माहीत आहे. आंदणाला सही लावणारी बाई कुणी बघितली नसेल.

नसेल पटत तर या, अक्का. या आणि भांडा माझ्याशी.